बरडातले शंख

सकाळची एस.टी. फाट्यावर थांबली, पण तिच्यातून उतरले एकटे मुलाचे मामाच. महादेवराव मास्तर, धुवट धोतर, काखेत छत्री. ज्याच्यासाठी दुर्गाबाईनं कालपासून घर सारवून ठेवलं होतं तो, तिच्या लेकीला पाहायला येणारा मुलगा सोबत नव्हता.

“श्रावण तिवशाच्या कँपवरून परस्पर येणार आहे,” ओसरीवर टेकता टेकता मास्तर म्हणाले. “पायी येतो म्हणाला. शेताशेतानं.”

सुंदराबाई, मुलीची आत्या, ओसरीवरून उठून वाटेकडे पाहू लागली. हे स्थळ तिनंच आणलं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात मास्तरांचं घर तिच्या गल्लीत होतं. भाचा त्यांच्याकडेच शिकला, शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि मातीची पाहणी करणाऱ्या सरकारी खात्यात लागला. थोरल्या भावाला, जानरावाला, तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पोरगा शांत आहे, निर्व्यसनी आहे, आपल्या शकुनला शोभेल असा आहे. फक्त त्याला वेळेचं आणि जागेचं भान कमी, हे तेवढं तिनं सांगितलं नव्हतं.

श्रावण आला तो मागच्या दारानं, गोठ्यातून. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, हातात माती काढायचं लांब गिरमीट, पँटीवर गुडघ्यापर्यंत धूळ. जयभीम करायला त्यानं हात जोडले तेव्हा दोन तळव्यांना दोन रंगांची माती लागलेली दिसली.

“नाल्याकडून येताना जमीन एकदम पलटते जी तुमच्या गावात,” तो जानरावाला म्हणाला. “इकडून भारी काळी येते आन् एका धुऱ्यापाशी खल्लास. धुऱ्याच्या पलीकडे सारं बरड. मजा वाटली मले.”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. चुलीपाशी दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसली. जानराव मात्र खाटेवरून उठून उभाच राहिला.

“थे काळी आमचीच. पाह्यली का तुमी?”

“बाहेरून पाह्यली. आत शिरलो नाई. मालकाले इचारल्याबिगर मी वावरात शिरत नाई.”

“मंग चला. मालक तयार हाय.”

“अहो जानराव, आधी मुलगी पाहून घेऊ,” मास्तर म्हणाले.

“पोरगी घरीच हाय, मास्तर. वैशाखाचं ऊन चढलं म्हणजे वावरात उभं राहवत नाई. तुमी पोहे खा, आमी आलोच.”

आणि मास्तरांनी पोह्यांच्या बशीला हात लावायच्या आत दोघे अंगण ओलांडून गेले होते. सुंदराबाईनं चपला पायांत सरकवल्या आणि त्यांच्या मागे निघाली. आतल्या खोलीत, नवं पातळ नेसून बसलेल्या शकुननं हे सगळं भिंतीआडून ऐकलं होतं. तिनं आईकडे पाहिलं.

“माय, त्याईनं पाणी नाई नेलं.”

“मंग तू बस गुमान,” दुर्गाबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात फारसा जोर नव्हता.

*

वाटेनं जानराव भरभर बोलत होता. काळीबद्दल बोलायला त्याला कुणीतरी जाणकार मिळाला होता, आणि जाणकार माणसानं काळीची तारीफ करावी यासाठी तो गेले कित्येक महिने भुकेला होता.

पुंजाजी वानखड्याच्या घराला आधी बरडच माहीत होतं. पुंजाजीनं ते घेतलं तेव्हा या गावात त्याला दुसरी जमीन विकायला कुणी तयार नव्हतं. बरडात गोटे होते, ते विकायला पाटलाचं काही जात नव्हतं. जानराव पोरवयातच घर सोडून चांदूरला रेल्वेच्या गँगमध्ये लागला, रुळाखालची खडी उपसत तरुणपण घालवलं, आणि पाटलाचा एक भाऊ अमरावतीला राहायला गेला तेव्हा त्याची नाल्यावरची काळी विकत घेतली. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यानंतर पुंजाजी फार जगला नाही, पण पोरानं घेतलेल्या काळीत बसून भाकर खाण्याइतका जगला. तो गेल्यावर वाटण्या झाल्या. काळी जानरावाच्या कमाईची, ती त्याच्याकडे राहिली. बरड धाकट्या मोतीरामाकडे गेलं. मोतीरामाचं म्हणणं असं की दादा रेल्वेत होता तेव्हा म्हाताऱ्यासंग वावर मी वाह्यलं, मंग काळीत माहं काहीच कसं नाई? त्यावर जानरावाचं उत्तर असं की खडी मी उपसली. दोन्ही वावरांच्या मधे बांधासारखा एकच धुरा होता आणि दोन भाऊ त्याच्या दोन अंगांना राबत होते, पण बोलणं बायकांच्या मार्फत चाले.

काळीत शिरताच जानराव थांबला. उन्हाळ्यानं जमीन फाटली होती. त्या भेगांतून, सरळ ओळींनी, कमरेएवढे खोल खड्डे खणून ठेवले होते.

“यंदा संत्रा लावून राहिलो,” तो म्हणाला. “मोर्शीकडून कलमं येतात मृगाच्या टायमाले. गावात पहिली बाग माही होईन. आता सांगा, कशी हाय जमीन?”

श्रावणनं एका भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला.

“कापसाच्या पऱ्हाटीले अशी जमीन तालुक्यात शोधावी लागते,” तो म्हणाला. “गहू घ्या, हरभरा घ्या. कशालेच मागं हटणार नाई.”

जानराव एक पाऊल पुढे आला. “आन् संत्र्याले?”

श्रावणनं भेगेतून हात बाहेर काढला. धुऱ्यावर सुंदराबाई धापा टाकत येऊन उभी होती आणि भावाच्या पाठीमागून मान हलवून हलवून त्याला नको नको म्हणत होती. श्रावणनं तिच्याकडे पाहिलं. तो कुठं पाहतोय ते पाहायला जानराव वळला, तशी तिनं पदरानं तोंड पुसलं.

“खड्ड्यात उतरू का?” श्रावणनं विचारलं.

उतरला तो बराच वेळ वर आला नाही. खुरप्यानं त्यानं खड्ड्याची एक बाजू तासली. तळातून एक ढेकूळ फोडून काढलं. त्याची बाजू तेल लावून घासावी तशी तुकतुकीत होती. मग पिशवीतून बारकी बाटली काढून त्यानं मातीवर दोन थेंब टाकले. माती फसफसली, पांढरा फेस आला.

“काय हाय थे?”

“तेजाब. फेस आला म्हणजे मातीत चुना हाय. जसजसं खाली जावं तसतसा जास्त. थोडा चुना संत्र्याले चालते, एवढा चालत नाई. पण चुन्याचं सोडा, हे ढेकूळ पाहा.” त्यानं ते जानरावाच्या हातात दिलं. “ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. दर साली हालते. हालता हालता आंगाले आंग घासते, म्हणून असं चमकते. पऱ्हाटी एका हंगामाची, तिचं निभून जाते. संत्र्याचं झाड जन्मभर एका जागी उभं राहते जी. पावसाळ्यात मुळाईपाशी पाणी तुंबून राहीन, उन्हाळ्यात भेगा मुळं तोडतीन. सुरुवातीले झाड असं दिसीन की लोक पाह्याले येतीन. आन् फळ धरायच्या टायमाले शेंड्याकडून वाळत येईन.”

जानरावानं ढेकूळ उलटंपालटं केलं. त्याला त्यात काही दिसलं नाही, फक्त ते जड होतं.

“वरुड-मोर्शीकडे लोकाईनं बागा लावल्याच ना.”

“थ्या बागाईची जमीन अशी नाई. मी पाह्यली हाय.”

“पाहुणे,” जानराव सावकाश म्हणाला, “मी तुमाले पोरगी पाह्याले बोलावलं होतं.”

“होय जी. पण इचारलं तुमी जमिनीचं. खोटं सांगतलं असतं तर पाच-सहा सालांनी, जावई झालो असतो तर, याच वावरात तुमच्यासमोर उभं राहावं लागलं असतं मले.”

सुंदराबाईनं कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात धुऱ्याच्या पलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

*

मोतीराम सकाळपासून बरडात पऱ्हाट्यांच्या काड्या गोळा करत होता. पाहुणे येणार हे त्याला बायकोकडून कळलं होतं, त्याला बोलावणं नव्हतं. काळीत खोट निघाली हे ऐकून तो हसला खरा. असं काहीतरी ऐकायला मिळावं म्हणून वाटणीपासून त्याचे कान टवकारलेले होते. पण हसून झाल्यावर त्याला दादाचा चेहरा दिसला. हातात ढेकूळ घेऊन उभा होता, खेळणं मोडलेल्या पोरासारखा. मोतीरामाला वाटलं होतं तेवढी गोडी त्यात निघाली नाही.

तरी आता गप्प बसणं बरं दिसलं नसतं. त्यानं हाक मारली, “ओ पाहुणे, आमच्या गोट्याईचंबी नशीब पाहा. फुकटात होत असन तर.”

“त्या बरडात काय पाह्याचं हाय?” जानराव बहिणीकडे बघत म्हणाला.

“सुंदराबाई, दादाले सांग, माहं बरड हाय, मी दाखवीन नाई तर झाकून ठेवीन.”

“मी काई सांगत नाई,” सुंदराबाई म्हणाली. “दोघाईले तोंडं हायेत.”

त्याच वेळी काळीच्या वाटेनं शकुन आली. डोक्यावर कळशी, हातात लोटा, नव्या पातळाचा काठ खोचलेला. बापाला पाणी देऊन ती खड्ड्याच्या कडेला आली आणि लोटा खाली धरला. खड्ड्यातून श्रावणनं वर पाहिलं. कुणी कुणाचं नाव सांगायची गरज नव्हती.

तो पाणी प्यायला. तिनं लोटा परत घेतला नाही.

“वाटेनं येता येता आयकलं मी. थो फेस मलेबी दाखवता का?”

त्यानं दाखवला. ती वाकून पाहत राहिली, फेस जिरेपर्यंत. सुरुवातीला तिला भीती वाटली होती की हा माणूस बाबांना खूश करायला गोड बोलेल. तिला पाहायला आलेला याच्या आधीचा मुलगा दुर्गाबाईच्या भाजीपासून बैलाच्या शिंगांपर्यंत सगळ्याची तारीफ करून गेला होता. हा खड्ड्यात उभा राहून बाबांचं मन मोडून बसला होता, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत होतं. ते त्याच्या कपाळावर दिसत होतं.

“काकाच्या वावरात असाच येते का फेस?”

“पाह्यल्याशिवाय कसं सांगू?”

“मंग चला ना पाह्याले.” तिनं खड्ड्याजवळ पडलेली पहार उचलली आणि धुरा ओलांडला.

“शकुन,” जानराव म्हणाला.

“बाबा, दोन पावलांवर तर हाय,” ती म्हणाली आणि गेलीच.

*

श्रावणच्या पिशवीतल्या जुन्या जमीनमोजणीच्या नकाशात या पट्ट्यावर बरड असं लिहिलेलं होतं. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. श्रावणनं ते मोतीरामाला आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागाहून नाराजी नको. मोतीरामानं कुदळ घेतली. वीतभर झालं, हातभर झालं. कुदळ गोट्यावर आपटून वाजेल म्हणून सगळे वाट पाहत होते, आणि ती मऊ मातीत शिरत होती. गुडघ्याच्या वर खोल गेल्यावर कुठे पिवळसर मुरूम लागला.

श्रावणनं मोतीरामाला वर यायला सांगितलं. तो खड्ड्यात गुडघे टेकून बसला आणि एक बाजू तासू लागला. शकुन उभी होती ती हळूच आत उतरली.

“काय झालं?”

“नकाशा चुकला म्हणावं तर तसंबी नाई. मुरूम हाय, नकाशाप्रमाणेच हाय. पण त्याच्यावर हे जे बसलं हाय ना, थे मुरमाचं लेकरू नाई. मुरमातून माती झाली असती तर खाली जाता जाता हळूहळू रंग बदलला असता. इथं पाहा, सुरीनं कापल्यावाणी कड हाय.” त्यानं खुरपं तिच्या हातात दिलं. “तुमी तासा. मले दुरून पाहू द्या.”

खुरपं बोथट होतं. तिनं जोर लावला तशी मातीची एक पापडी सुटून पडली आणि तिच्यातून काहीतरी पांढरं घरंगळलं. करंगळीच्या नखाएवढा, वेटोळ्याचा शंख. मग दुसरा. मग खापरीचा एक तुकडा.

“हे तर नाल्यातले शंख,” शकुन म्हणाली.

“नाला खाली हाय. इतक्या वर पाणी कधी चढलंच नसन. चढलं असतं तर बारक्या वाळूचे थर दिसले असते.” श्रावण वर आला, वावरात चार ठिकाणी गिरमीट घालून पाहिलं; सगळीकडे तेच निघालं. “ही माती इथली नाई. कोणीतरी आणून टाकली. आन् एक-दोन गाड्या नाई, अख्ख्या वावरभर. कोण आणीन एवढी?”

सुंदराबाई खड्ड्याच्या काठाशी उभी होती. ती खालीच बसली.

“आमी आणली,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिनं हात पुढे केला, शकुननं शंख तिच्या तळव्यावर ठेवला.

“बा आणे. उन्हाळ्यात नाल्याचे डोह आटले म्हणजे गाळ उघडा पडे. बा खोदे, आन् माय, दादा आन् मी टोपल्याईनं डोक्यावर वाहून आणू. इथले गोटे वेचून खालच्या आंगाले बांध घातला, पावसानं गाळ वाहून नाई गेला पाह्यजे म्हणून. मोतीराम तई बाभळीले टांगलेल्या झोळीत राहे. लोक म्हणत, पुंजाजी नाल्याले डोंगरावर नेऊन राहिला. दर साली. माहं लगन झालं तरी त्याचं चालूच होतं.”

“होय, चालूच होतं,” मोतीराम म्हणाला. “मी मोठा झालो तोवर तो एकटाच आणे. मी म्हणे, बा, कशाले हे. तो म्हणे, नाला साफ करून राहिलो.”

“मलेबी कोणी सांगतलं नाई याचं काय झालं थे,” सुंदराबाई म्हणाली. “पाणी भरतो तसं काम होतं. लेकराईचं काम. मी तर इसरून गेली होती.” तिचे डोळे भरले, पण ती हसत होती. “मायबाई, हा तर बराच खोल गेला.”

श्रावणनं कळशीतलं उरलेलं पाणी खड्ड्याच्या तळात ओतलं. त्याचं डबकं झालं आणि सगळे बघत असताना मुरमात उतरून गेलं. बाटलीचे दोन थेंब टाकले, तर फेस जेमतेम आला.

“संत्र्याले हेच लागते जी,” तो म्हणाला. “वर पोटभर माती, खाली मुरूम. पाणी थांबत नाई, मूळ पाह्यजे तेवढं खोल जाते. मी खारपाणपट्ट्यात पाह्यलं, नाल्याकाठी पाह्यलं, पण माणसानं तयार केलेली जमीन आज पह्यल्यांदा पाहून राहिलो.”

*

जानराव धुऱ्यावर उभा होता. पलीकडे उतरला नव्हता. पण त्याला सगळं ऐकू आलं होतं.

त्याला टोपलं आठवलं. ओला गाळ डोक्यावर घेतला की त्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरे. शाळेतली पोरं नाल्याच्या काठी बसून चिडवत. रेल्वेत भरती चालू आहे असं चांदूरहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं दुसऱ्या दिवशी गाव सोडलं होतं ते पुष्कळसं त्या टोपल्यापायी. काळी घेतली तीही त्यासाठीच. माझ्या घरातल्या लेकराला माती डोक्यावरून आणावी लागू नये, ती पायाखालीच असावी. आणि त्या बरडाकडे त्यानं परत कधी नीट पाहिलं नव्हतं.

“दादा,” सुंदराबाई म्हणाली. इतके दिवस तिनं वाटणीत जानरावाचीच बाजू घेतली होती. तो थोरला, त्यानं कमावलेलं. आज ती मोतीरामाच्या खड्ड्याकाठी बसून बोलत होती. “बाग इथं होईन.”

“बागेची हौस माही हाय. वावर त्याचं हाय.”

“आन् इहीर तुह्याकडे हाय,” मोतीराम म्हणाला. तो थेट भावाशी बोलला आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. खरं तर त्याच्याकडे दुसरं वाक्य तयार होतं, कितीतरी दिवसांपासून: आता पडली का गरज धाकट्याची? ते तोंडापर्यंत आलं. पण बहीण हातात शंख घेऊन बसली होती. त्यानं ते गिळून टाकलं. “मुरमात माही इहीर लागत नाई. पाण्याबिगर मी इथं संत्रा कायले, निवडुंगबी नाई लावू शकत.”

“मंग दोघंबी तोंडं शिवून बसा,” सुंदराबाई म्हणाली. “कलमं येतीन आन् फाट्यावर वाळतीन. गावाले तमाशा भेटीन.”

शकुन खड्ड्यातून बापाकडे पाहत होती. श्रावण गिरमिटाला लागलेली माती विनाकारण पुसत होता.

जानराव धुऱ्यावरून उतरला. खड्ड्यापाशी येऊन वाकला, कडेची माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. मग श्रावणला विचारलं, “इथं खड्डे केवढे घ्याचे?”

श्रावण सांगायला लागला, पण मोतीराम मधेच म्हणाला, “खड्डे मी खोदीन. तुह्या गड्याईले हा मुरूम झेपणार नाई.”

“काळीतले बुजवावे लागतीन.”

“थेबी बुजवू.”

“काळीत मंग यंदा पऱ्हाटी,” जानराव म्हणाला. हात झटकत, दुसरीकडे बघत. “अर्धी तू पेर.”

मोतीराम कुदळीच्या दांड्यावर टेकला. “अर्धी?”

“कानात काई गेलं का तुह्या?”

“नाई. आयकू आलं मले.”

“अर्ध्या बागेचं फळ माहं, अर्ध्या काळीचं पीक तुहं. लेकरं मोठी होतीन तई त्याईचं थे पाहून घेतीन.” आणि मग श्रावणकडे वळून, जरा ओशाळून, “चला पाहुणे. तुमचे मामा एकटे बसले असतीन.”

*

मास्तर एकटे बसले नव्हते. त्यांनी पोहे संपवले होते, पुन्हा घेतले होते, आणि दुर्गाबाईकडून शकुनबद्दल जे कळायचं ते सगळं कळून घेतलं होतं. दारातून एकेक जण आत येऊ लागला तसा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जानरावाचे हात काळे, श्रावणचे गुडघे पिवळे, आणि शकुनच्या नव्या पातळाला दोन्ही रंग.

“माय माय माय,” दुर्गाबाई म्हणाली. “हे काय ध्यान हाय?”

“ते काही असो,” मास्तर ठामपणे म्हणाले, “रीत ती रीत. हातपाय धुऊन घ्या आणि सगळे बसा. मी अकोल्याहून पोहे खायला आलो नाही.”

सतरंजी घातली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मास्तर, बाजूला श्रावण. शकुन चहा घेऊन आली, पातळ तेच, पदर तेवढा धुतलेला. मास्तरांनी घसा साफ केला.

“नाव काय, बाळ?”

“शकुन जानराव वानखडे.”

“शिक्षण?”

“गेल्या साली मॅट्रिक झाली.”

“छान. श्रावण, तुला काही विचारायचं आहे?”

“नाही मामा.”

“मले इचारायचं हाय,” शकुन म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला. सुंदराबाईनं मास्तरांकडे असं पाहिलं की त्यांनी तो परत घातला.

“अमरावतीले मास्तरणीच्या ट्रेनिंगले जागा भेटली मले. पावसाळ्यात जायचं हाय. बाबा म्हणतात, लगन ठरलं तर सासरच्याईच्या मनावर. मी जाणार हाय. लगन झालं तरी आन् नाई झालं तरी.”

जानरावानं तोंड उघडलं. पण आजच्या दिवसात आपण एकदा खोटे ठरलो आहोत, दुसऱ्यांदा कशाला, असा काहीसा विचार त्याच्या मनात आला असावा. त्यानं चहाचा घोट घेतला.

मास्तर म्हणाले, “म्हणजे घर सांभाळून हे कसं काय...”

“मामा, मी महिन्यातले बहुतेक दिवस तंबूत असतो,” श्रावण म्हणाला. “मीच घरी नसतो, मंग घर सांभाळाचं कोणासाठी?” मग तो शकुनकडे वळला. हसू दाबायचा प्रयत्न त्याला जमला नाही. “तुमी शिका. फक्त सुट्टीत कँपवर या. खड्ड्यात उतरून नीट पाहणारी माणसं भेटत नाई मले.”

“येईन,” शकुन म्हणाली. “पण खुरपं माहं आणीन. तुमचं पार बोथट हाय.”

सुंदराबाई मोठ्यानं हसली. त्यावर दुर्गाबाई, आणि मग मास्तरांनाही आवरेना. हसता हसताच त्यांनी जानरावाचा हात हातात घेतला. नव्या पद्धतीनं, साधं लग्न, पावसाआधीच उरकू म्हणाले.

दुर्गाबाईनं रस-पोळीची ताटं मांडायला घेतली. जानरावानं ती पाहिली. “दोन वाढव,” तो म्हणाला, आणि कुणाला पाठवायच्या ऐवजी स्वतःच अंगणात जाऊन मोतीरामाच्या घराकडे तोंड करून त्यानं हाक मारली. वाटणी झाल्यापासून त्या दिशेला त्यानं मारलेली ती पहिलीच हाक. मोतीराम आंघोळ करून, सदरा बदलून तयारच होता; बायकोला घेऊन तो इतक्या लवकर आला की दुर्गाबाईला पोळ्या कमी पडतील की काय असं वाटलं.

तो उंबऱ्याशी घुटमळला. जानरावानं पंगतीत आपल्या बाजूला सरकून जागा केली. मोतीराम बसला. रस वाढून झाला, मास्तरांनी पहिला घास घेतला, सगळे जेवायला लागले.

मग मोतीराम हळूच म्हणाला, “दादा, काळीची अर्धी कोणत्या आंगची? इहिरीकडची का रस्त्याकडची?”

“जेव आधी,” जानराव म्हणाला, आणि आपल्या ताटातली गरम पोळी उचलून त्याच्या ताटात टाकली.